घर लिलावात गेलं, वरून साडेचार लाख बाकी : होम लोन कंपनी आणि तालुक्याचा मोफत वकील, दोघांचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू दोन जागांचा आहे. एक आमची होम लोनवाली हाउसिंग फायनान्स कंपनी, तिचं नाव लिहीत नाही कारण तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्यात आणि मला नवीन भानगड नको, पण बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटत फिरणारी पोरं तुम्ही पाहिलीच असतील, तसलीच एक. दुसरी जागा म्हणजे तालुका कोर्टातली विधी सेवा समिती, जिथं मोफत वकील भेटतो. पहिलीला पाचपैकी एक, दुसरीला साडेचार.

आधी कंपनीचा जो एक स्टार दिला तो कशाचा ते सांगते. लोन देण्याचा. बाप्पा, काय स्पीड आहे यांचा! आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, आमचे हे काळीपिवळी चालवतात, माझं शिवणकाम, साडेतीन एकर कोरडवाहू, घरात मामाजी, म्हणजे माझे सासरे. सरकारी बँकेनं आयटी रिटर्न मागितलं, ते आमच्याकडं कुठून असणार, आणि गावठाणातल्या जागेला नुसता ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीच्या नोंदीचा उतारा) आहे म्हणून फाइल तिथंच पडली. कंपनीचा पोरगा मात्र घरी आला, माझी शिलाईची वही पाहिली, गाडीच्या फेऱ्या विचारल्या, जागा मोजली, मामाजींचा अंगठा घेतला (जागा त्यांच्या नावानं म्हणून तेही को-ॲप्लिकंट म्हणजे सहकर्जदार, मीही को-ॲप्लिकंट) आणि २०१८ च्या शेवटी ११ लाख मंजूर. कोरे चेकही घेतले, ते तेव्हा कोणीच विचारत नाही.

व्याज साडेतेरा टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता सव्वाचौदा हजार. आता हा हिशोब जरा नीट वाचा, कारण हा कोणताच एजंट सांगत नाही. पाच वर्षं आम्ही हप्ता चुकवला नाही, कोरोनात सहा महिने सवलत होती तीपण घेतली नाही. पाच वर्षांत साडेआठ लाखाच्या वर भरले. आणि मुद्दल किती फिटलं? एक लाख साठ हजाराच्या आसपास. रेट मधे वरखाली झाला तो सोडा, ढोबळ हेच. म्हणजे पाच वर्षांनी अंगावर अजून नऊ लाख अडतीस हजार होतेच. हे मला २०२३ ला पहिल्यांदा स्टेटमेंट काढलं तेव्हा दिसलं, तेपण शाखेत तीनदा फोन केल्यावर.

२०२३ चा सप्टेंबर विदर्भातल्या लोकांना सांगायची गरज नाही. सोयाबीनवर येलो मोझॅक आला, शेत हिरव्याचं पिवळं झालं, शेंगा भरल्याच नाहीत. त्याच हंगामात यांच्या गाडीचा ॲक्सिडेंट झाला, मांडीत रॉड बसला, काळीपिवळी दारात उभी. पुढच्या वर्षी सोयाबीन झालं तं हमीभाव ४८९२ आणि मार्केटला चार हजार, एकेचाळीसशे. गावात काही जण म्हणायचे, "काहून भरता, कर्जमाफी येऊन रायली." कर्जमाफी पीककर्जाची असते, २०१७ ची असो का २०१९ ची. होम लोनचा त्यात काही संबंध नाही, या भरवशावर कोणी बसू नका.

हप्ते थांबले २०२३ च्या ऑक्टोबरपासून. आणि इथून कंपनीची खरी सर्व्हिस सुरू झाली.

वसुलीचा पोरगा पहिले 'ताई ताई' करायचा. दोन महिन्यांत 'ताई' गेलं. सकाळी साडेसहाला फोन, रात्री नऊला फोन, माझ्या माहेरी फोन, ज्या बाईचे ब्लाउज मी शिवते तिला फोन. रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या ऑगस्टमधेच सांगून ठेवलंय की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करायचे नाहीत, हे हाउसिंग फायनान्सवाल्यांनाही लागू आहे. मला माहीत झालं तसं मी त्याला म्हटलं, तो म्हणे "मॅडम, कायदा तुम्ही आम्हाले शिकवता का, पोलीस येतीन तं समजन." पोलीस येत नाहीत. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी काम आहे. फक्त एक लक्षात ठेवा, दिलेला चेक बाउन्स झाला तर ती केस फौजदारी असते, आणि बँकेतून आपोआप कटणारा हप्ता बाउन्स झाला तरी तशीच केस लागू शकते, म्हणून कोऱ्या चेकचा विषय हसण्यावारी नेऊ नका.

मग एक दिवस दोघं जण डबा आणि ब्रश घेऊन आले अन् समोरच्या भिंतीवर लाल रंगानं लिहून गेले की ही मालमत्ता अमुक कंपनीकडे तारण आहे. यांचं आडनाव चुकीचं लिहिलं. मामाजींनी त्याला विचारलं, "लेका, नाव तं बरोबर लिव्ह." तो म्हणे फाइलमधे असंच आहे. फाइलमधे बरोबर होतं, मी पाहिलंय.

९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए म्हणजे बुडीत धरलं जातं, त्यानंतर सरफेसी कायद्याची (२००२ चा आहे, यात कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकता येतं) ६० दिवसांची नोटीस येते. आमची मार्च २०२४ मधे आली, सगळी इंग्रजीत. वास्तविक ग्राहकाला समजेल अशा भाषेत कळवा असं रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिस कोडमधेच आहे. भाचा मास्तर आहे, त्यानं वाचून दाखवली. यात एक गोष्ट असते जी कोणी सांगत नाही: या ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत पाठवली तर कंपनीला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. फोनवर रडलं, शाखेत जाऊन हात जोडले, त्याचा कुठंच रेकॉर्ड नाही. आम्ही रजिस्टर पोस्टानं पाठवली, दवाखान्याची कागदं लावली, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागितली. उत्तर आलं दोन ओळींचं, नाही म्हणून. पण आलं, आणि ते पुढं कामी आलं.

आता या रिव्ह्यूतला सगळ्यात मोठा मुद्दा. नोटीस आल्यावर आम्ही ठरवलं घर आपणच विकू. नोटीसनंतर कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विकता येत नाही, तसा कायदाच आहे. गिऱ्हाईक आणलं, माझ्या नणंदेच्या गावचा माणूस, साडेदहा लाख द्यायला तयार. तेव्हा बाकी व्याजासकट दहा लाख चाळीस हजार होती, म्हणजे जवळपास फिटत होतं! मी शाखेच्या मॅनेजरकडं गेले. "हेड ऑफिसला विचारतो." भाच्यानं ईमेल टाकला, गिऱ्हाइकाचं पत्र जोडून. परत ईमेल. परत. एकाचंही उत्तर नाही. माणूस दिवाळीपर्यंत थांबला, मग त्यानं दुसरीकडं प्लॉट घेतला. याला सर्व्हिस म्हणायची का? लोन मंजूर करायला हेड ऑफिस आठवड्याभरात उत्तर देतं, पैसे परत घ्यायला मात्र त्याच ऑफिसात कोणी बसत नाही.

मधल्या काळात दारावर ताब्याची नोटीस चिटकवली, पेपरात छापली, एका मराठी अन् एका इंग्रजी. हा कागदोपत्री ताबा, घरात आपणच राहतो. याच्या विरोधात ४५ दिवसांत नागपूरच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात, जाता येतं. आम्ही गेलो नाही, दवाखान्याचा खर्च चालू असताना नागपूरचा वकील, जाणंयेणं, ते जमणारं नव्हतं. ज्यांना जमेल त्यांनी हे ४५ दिवस वाया घालवू नका, कारण त्यानंतर कंपनी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करते आणि तिथं आपलं म्हणणं मांडायला जवळपास जागाच नसते, कागद बरोबर असले की ऑर्डर निघते.

प्रत्यक्ष ताबा फेब्रुवारी २०२५ मधे घेतला. नायब तहसीलदार, पोलीस, दोन लेडीज कॉन्स्टेबल, कोतवाल, कंपनीचा ऑफिसर आणि तालुक्यावरून आणलेला कुलूपवाला. तूर नुकतीच निघाली होती, मागच्या खोलीत कट्टे लागलेले. लग्नसराई, मशीनवर लोकांचे ब्लाउज अर्धवट कापलेले, खडूच्या खुणा केलेले. मी पहिले ते गाठोड्यात बांधून शेजारी नेऊन टाकले, कारण माझं घर गेलं तं गेलं, लोकाचं कापड त्या कुलपात अडकलं तर मी कुणाला तोंड दाखवू? कंपनीवाला म्हणे "लवकर करा, सामान नंतर न्या." मी कागद मागितला, नंतर म्हणजे केव्हा ते लिहून द्या म्हटलं. नायब तहसीलदार साहेबांनी त्याला गप्प केलं, म्हणाले तारण घर आहे, सामान नाही, पहिले सामान निघू द्या. पंचनाम्यात पंखे किती, ट्यूब किती, मोटर आहे का, सगळं लिहिलं. त्यात तुमचं राहिलेलं सामान लिहून घ्या आणि कॉपी घ्या. मामाजी ओसरीवरून उठतच नव्हते. कोतवाल त्यांच्या ओळखीचा, तो शेजारी बसला, तंबाखू मळली, दोघांनी खाल्ली, मग उठले. त्या दिवसाबद्दल एवढंच पुरे.

गावातल्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, वावर जाईन का? सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, आणि आमचं वावर तारण नव्हतंच. ते लगेच जात नाही. पण पुढं लिलावानंतर उरलेल्या बाकीचा विषय आहे तो वाचा.

लिलाव. पहिल्या लिलावात कंपनीनं किमान किंमत ९ लाख २० हजार ठेवली, कोणी आलंच नाही. खेड्यात जप्तीचं घर घ्यायला माणूस कचरतो, त्या घरच्या माणसाला रोज चौकात भेटायचं असतं. दुसऱ्यांदा किंमत साडेसातवर आणली, शेजारच्या गावच्या किराणावाल्यानं ७ लाख ६० हजाराला घेतलं. लिलावाची जाहिरात छापायच्या आधीपर्यंतच पूर्ण पैसे भरून घर सोडवता येतं, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसंच आहे आणि सुप्रीम कोर्टानंही २०२३ मधे तेच सांगितलं, म्हणून लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन पळत जाऊ म्हणणाऱ्यांनी आधीच धावा.

आम्हाला वाटलं, बरं झालं, संपलं. घर दिलं, कर्ज सुटलं. तसं नसतं.

पत्र आलं. एकूण येणं १२ लाख १० हजार, लिलावाचे ७ लाख ६० हजार वजा, बाकी साडेचार लाख, सात दिवसांत भरा नाहीतर शेतावर बोजा चढवू. दहा लाख चाळीसचे बारा लाख दहा कसे झाले? व्याज, दंडव्याज, नोटीस खर्च, पेपरची जाहिरात, व्हॅल्युएशन दोनदा, वसुलीवाल्यांच्या व्हिजिटचा चार्ज. म्हणजे जो मला साडेसहाला उठवायचा त्याचं पेट्रोल मीच भरत होते.

आणि फोन परत चालू. घर नाही, तरी होम लोनचे फोन!

इथं दुसऱ्या जागेचा रिव्ह्यू सुरू होतो. बचत गटातल्या एका ताईनं सांगितलं की कोर्टात बायकांना वकील फुकट भेटतो. मला खरं वाटलं नाही. पण आहे तसंच, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही. एससी, एसटी, अपंग यांनाही नाही. बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखाच्या आत उत्पन्न पाहिजे. म्हणून अर्ज माझ्या नावानं केला, यांच्या नाही, मी को-ॲप्लिकंट असल्याचा तेवढा एकच फायदा झाला. आधार, कंपनीचं पत्र, साधा अर्ज, बस. १५१०० वर फोन केला तरी सांगतात कुठं जायचं.

ज्या वकील मॅडम भेटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी पेन्सिल घेऊन स्टेटमेंट ओळीनं वाचलं. असं आजपर्यंत कोणीच केलं नव्हतं, कंपनीतल्या माणसानंसुद्धा. मधे एकदा थांबल्या, म्हणाल्या, "हे दंडव्याज २०२४ च्या जूननंतरही लावून रायले का हे लोक?" तर झालं असं की रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या ऑगस्टमधे नियम काढला, हप्ता चुकला तर दंड घ्या पण तो व्याजात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर परत व्याज लावायचं नाही, जुन्या लोनलाही जून २०२४ पर्यंत हे लागू करा. आमच्या स्टेटमेंटमधे ते सर्रास चालू होतं. मॅडमनी गोल केले. व्हॅल्युएशनवर गोल, व्हिजिट चार्जवर गोल. मग मी त्यांना ते ईमेल दाखवले, साडेदहा लाखाच्या गिऱ्हाइकाचे. त्या हसल्याच. म्हणाल्या हे पहिले काहून नाही दाखवलं, ही बाकी यांनी स्वतःच्या हातानं तयार केली आहे.

या उरलेल्या बाकी रकमेचं काय असतं ते त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. घर विकून पैसे कमी पडले तर उरलेल्यासाठी कंपनी मागं लागू शकते, हे खरं आहे, कायद्यात तशी तरतूद आहे. पण त्यासाठी त्यांना परत केस करावी लागते. २० लाख किंवा त्याच्या वर असेल तर डीआरटी, त्याच्या खाली दिवाणी कोर्ट. आमचे साडेचार लाख, म्हणजे दिवाणी दावा, कोर्ट फी, साक्षीपुरावा, तारखा. हुकूमनामा झाला तर मग इतर मालमत्तेवर येता येतं. त्याच्या आधी पत्र पाठवून शेतावर बोजा चढत नाही. बोजा चढवू म्हणणं आणि चढवणं यात तीनचार वर्षं असतात. आणि म्हणूनच कंपनीलाही तडजोड पाहिजे असते, फक्त ती तुम्हाला कळू देत नाही.

तक्रार कुठं करायची यात लोक चुकतात. बँक असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँक, त्यांचं ग्रिड्स नावाचं पोर्टल आहे, फुकट आहे. मॅडमनी तिथं तक्रार टाकायला लावली, ईमेल आणि फोनच्या वेळांचे स्क्रीनशॉट जोडून. जे हेड ऑफिस वर्षभर झोपलं होतं त्याचा चार दिवसांत मला फोन आला, "मॅडम, आपण बसून बोलूया." परत मॅडम झाले मी.

दावा दाखल व्हायच्या आधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवलं, तसं ठेवता येतं, फी लागत नाही. डिसेंबरची राष्ट्रीय लोक अदालत होती, गर्दी अशी की जत्राच. कंपनीचा ऑफिसर तीन लाखावरून बोलायला लागला. मॅडम काही जास्त बोलल्या नाहीत, गोल केलेलं स्टेटमेंट आणि ते तीन ईमेल पॅनलसमोर ठेवले. पॅनलवरच्या साहेबांनी ऑफिसरला विचारलं, साडेदहाचं गिऱ्हाईक असताना तुम्ही सात साठला का विकलं? तो म्हणे ते माझ्या आधीच्या मॅनेजरचं आहे. एक लाख चाळीस हजारावर तुटलं, चार भागात. पहिला भाग तूर विकून भरला.

मॅडमनी निवाड्यात एक ओळ स्वतः सांगून टाकायला लावली, की यानंतर तिन्ही कर्जदारांकडं, म्हणजे हे, मी आणि मामाजी, कंपनीचं काहीही येणं राहणार नाही आणि कोरे चेक परत दिले जातील. तिघांची नावं. एकाचंच नाव असतं तर उरलेल्या दोघांच्या मागं लागायला रस्ता मोकळा. लोक अदालतीचा निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, त्यावर अपील नाही, त्यामुळं कंपनीही फिरू शकत नाही आणि आपणही नाही. चार भागांतला एक जरी चुकला तर ते थेट वसुलीला येऊ शकतात, म्हणून जेवढं झेपेल तेवढ्यालाच हो म्हणा.

अर्धा स्टार का कापला? एक तर कोर्टात या समितीची खोली शोधायला कोणाला तरी विचारावं लागतं, बोर्ड असा कोपऱ्यात आहे की चहावाल्यालाही माहीत नाही. दुसरं, वकील मॅडमकडं इतक्या केसेस की बोलायला दुपारचा डबा खायच्या वेळेतच गाठावं लागतं. पण माणूस सरळ. चहासुद्धा आमचा घेतला नाही.

सिबिलबद्दल, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डबद्दल, विचाराल तर, तडजोड झाली की तिथं 'सेटल्ड' असं येतं, 'क्लोज्ड' नाही, आणि ते काही वर्षं राहतं. मला नवीन मशीनसाठी छोटं लोन पाहिजे होतं, मायक्रोफायनान्सवाल्या पोरीनं मोबाईलमधे पाहिलं अन् म्हणाली "काकू, तुमचं नाही होत." बचत गटातून झालं. आता भाड्यानं राहतो, दोन खोल्या, महिना दोन हजार, गाडी परत चालू झाली आहे पण हे लांबच्या फेऱ्या घेत नाहीत.

कोणाला याच कंपनीचं लोन घ्यायचं असेल तर मी नको म्हणणार नाही, गावठाणातल्या घराला दुसरं कोण देतं? पण हप्ता भरायला त्रास सुरू झाला की ईमेल करा, रजिस्टर पोस्ट करा, पावत्या एका पिशवीत ठेवा. गिऱ्हाईक असेल तर त्याचं नाव, रक्कम, तारीख लिहून पाठवा, कंपनी उत्तर देवो न देवो. शाखेत जायचं असेल तर दुपारी अडीचनंतर जा, त्याच्या आधी मॅनेजर खुर्चीत नसतो. आणि कोरे चेक मला अजून दोन मिळायचे बाकी आहेत, त्यासाठी परत ग्रिड्सवर टाकलंय, मिळाले की इथं कळवते.